वाव्हळेसाहेबांनी लिहून घेतलेली रजा

आदरणीय धोंडिबाजी वाव्हळे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. पाथरीच्या आमच्या तेलगिरणीत ते हजेरी कारकून. माझी त्यांची पहिली ओळख सांगायची तर, पाच मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनी मला फाटकातूनच परत पाठवलं होतं. त्या दिवशी मनातल्या मनात मी त्यांना जे बोलले, ते या गौरवग्रंथात छापता येणार नाही!

दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. शेंगा निवडण्याच्या कामावर मला दोन वर्षं झाली होती आणि मी पहिलटकरीण होते. आठवा सरत आला तशी आई राणीसावरगावहून न्यायला आली. "कुणाला सांगत बसू नको, नजर लागती," असं तिनं बजावलं. मीही मुकादमाला 'गावाकडं जाते' एवढंच सांगून निघाले. आमच्याकडच्या बाया अशाच जायच्या आणि परत येऊन कामासाठी नव्यानं हात जोडायच्या.

लेक सहा आठवड्यांची झाल्यावर मी परतले. मुकादम म्हणाला, "तुजं नाव काटलंय. तू काम सोडून गेलीस." नवऱ्याला तेव्हा काम नव्हतं. मी तशीच हजेरीच्या खिडकीशी जाऊन वाव्हळेसाहेबांना सगळं सांगितलं.

वाव्हळेसाहेब मला मॅनेजरांपुढे घेऊन गेले. "हिनं बाळंतपणाच्या रजेची नोटीस दिली न्हाई, पर चूक माझी हाय. मला दिसत व्हतं, मी लिहून घेतलं न्हाई. बाळंतपणानंतरबी नोटीस देता येती, कायद्यात हाय. अन् या रजेत कामावरून काढता येत न्हाई."

मॅनेजर भडकले. "वाव्हळे, तुम्हाला स्वतःची नोकरी नको झाली का?"

"पाहिजे की साहेब. हिलाबी पाहिजे."

तिथंच उभ्याउभ्या त्यांनी नोटीस लिहिली, मी सही केली. तिसऱ्या दिवशी माझं नाव हजेरीपटावर पुन्हा चढलं. साहेबांची बढती मात्र अडली. त्याबद्दल त्यांच्या तोंडून चकार शब्द कधी ऐकला नाही.

बायका पुरुषाला सांगायला लाजतात, हेही त्यांनी ओळखलं. तेव्हापासून त्यांच्या सौभाग्यवती दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन येतात आणि आमच्यात बसून सहज विचारतात, "माहेरी कधी निघालीस गं?" संध्याकाळी साहेबांकडे नोटीस तयार असते. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाची नोटीसही अशीच लिहिली गेली. वेळेवर येण्याबाबत मात्र ते आजही तितकेच कडक आहेत.

साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. संपादकांनी विचारलंय, नावाखाली हुद्दा काय छापायचा? एवढंच छापा: सखुबाई, शेंगनिवड खातं, दोन बाळंतपणांनंतरही कामावर.