सुप्याची थ्रेडिंग लायब्ररी आणि कोल्हारचा सोपान

लायब्ररी म्हटलं की लोक पुस्तकांबद्दल विचारतात. आमची लायब्ररी सॉफ्टवेअरची. एका स्वस्तातल्या कॉम्प्युटरला शेकडो बारीकसारीक कामं एकाच वेळी सांभाळता यावीत, म्हणून हलके थ्रेड, म्हणजे कामाचे वेगवेगळे धागे, पुरवणारी. सुप्याच्या एमआयडीसीत, एका गोदामाच्या माळ्यावर आम्ही तिघं ती लिहीत होतो. कोड पुसून नवा लिहिता येतो, किस्से मात्र साठतच जातात.

* * *

पहिली स्पीड टेस्ट मी घेतली. आकडा असा आला, की कुणाल धावत जाऊन भेळ घेऊन आला. आमची प्रमुख शुभांगी, मूळची कर्जतची, भेळेला हात न लावता स्क्रीनकडे बघत बसली. एवढं फास्ट होऊच शकत नाही, म्हणाली. संध्याकाळपर्यंत तिने शोधून काढलं. टेस्टमधल्या गणिताचं उत्तर पुढे कुठेच वापरलेलं नव्हतं, म्हणून कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने ते गणितच उडवून टाकलं होतं.

"कामच केलं न्हाई, म्हनून लवकर झालं." चिडली की तिच्या तोंडी कर्जत येतं.

भेळ मऊ पडली होती. तीच खाऊन पुन्हा सुरुवात केली.

* * *

खरा आकडाही पुढे चांगला आला. लायब्ररी सगळ्यात आधी वापरायला घेतली कोल्हारच्या सोपानने. तो दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. वजनकाटा, फॅट मशीन, पावतीचा प्रिंटर, सगळं एकदम चालवायचं. थोड्याच दिवसांत त्याचा शुभांगीला फोन आला.

"ताई, पळतीय लई भारी. पन अडकली की कुठं अडकली ते सांगत न्हाई."

कुणाल म्हणाला, ती माहिती ठेवायची तर वेग कमी होणार, आणि वेग सोडून आपल्याकडे दाखवायला आहे काय? मला घेऊन शुभांगीने दुसऱ्या दिवशी सकाळीच कोल्हार गाठलं आणि सोपानच्या मागे गुपचूप उभी राहिली.

काटा उत्तर देईना. त्याची वाट बघत एक थ्रेड थांबला आणि त्याच्यामुळे सगळेच खोळंबले. बाहेर कॅन घेतलेल्यांची रांग वाढत गेली. दूध नासल्यावर मोजणार का, असं एका आजींनी विचारलं. सोपान घामाघूम झाला होता, आणि लायब्ररी लिहिणाऱ्या आम्हालाही दोष कुठे आहे ते सांगता येत नव्हतं.

परतताना शुभांगी एवढंच बोलली, "वेग गेला तर जाऊ दे. हे परत होता कामा नये."

आम्ही प्रत्येक थ्रेडला नाव दिलं, म्हणजे कोण अडकलंय ते लगेच कळेल. वाट बघण्याला मर्यादा घातली, म्हणजे काटा रुसला तरी बाकीचं चालू राहील. वेग घटला. तो घटलेला आकडा कुणालने तोंड पाडून बोर्डावर लिहिला. शुभांगीने तो कुणाला पुसू दिला नाही.

* * *

नवी आवृत्ती पाठवली आणि सोपानचे फोनच बंद झाले. आधी सारख्या तक्रारी, आता काहीच नाही. त्याने दुसरी लायब्ररी घेतली असणार, याची कुणालला खात्रीच होती. शेवटी शुभांगी आम्हा दोघांना घेऊन कोल्हारला गेली.

केंद्रावर रांग भराभर सरकत होती. सोपान दारात चहा पीत उभा होता. तिने सरळच विचारलं, लायब्ररी काढून टाकलीस का?

"कोनती लायब्ररी?" सोपान गोंधळला. मग त्याला आठवलं. "व्हय व्हय, आतमधी तीच हाय. आता अडकतच न्हाई, मी इसरलोच हुतो, ताई."

कुणालचा चेहरा उतरला. शुभांगीने सगळ्यांसाठी चहा सांगितला.