नाकं सरळ करणारी शकूताई

समस्त विक्रोळीकरांस, आणि विशेषतः ज्यांना आपल्या नाकाचा अभिमान आहे अशांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आमच्या चाळीत गेल्या पंचवीस वर्षांत जन्मलेल्या एकूण एक माणसाचं नाक सरळ आहे. याचं श्रेय त्यांच्या आईबापांनी घेऊ नये. ते शकूताईचं आहे. शकूताई मागच्या वर्षी गेली, त्यामुळे यापुढे जन्मणाऱ्यांच्या नाकांची जबाबदारी कोणीही घेणार नाही.

शकूताईचं चाळीच्या कोपऱ्यावर चिकनचं दुकान होतं. नवरा लवकर गेला, मुलगी स्वाती तेव्हा दुसरीत होती. ठोकळ्यापुढे शकूताई स्वतः उभी राहिली. सकाळी सहा ते अकरा कोंबड्या कापायच्या, मग हातपाय घासायचे, साडी बदलायची, आणि साडेअकराला ज्या घरी नवं बाळ असेल तिथे जाऊन त्याला न्हाऊ घालायचं. हा तिचा दिवस. बीडकडच्या एका खेड्यातून ती लग्न होऊन इथे आली होती, आणि बाळं न्हाऊ घालायची विद्या माहेराहून घेऊन आली होती.

माझी थोरली मुलगी बारा दिवसांची असताना ती पहिल्यांदा आमच्याकडे आली. बायकोची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुण्याच्या. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारलं, की ही बाई कोंबड्या कापते हे खरं का. मी म्हटलं, खरं. त्या पाटावर जाऊन बसल्या त्या उठल्याच नाहीत, पहारा म्हणून. शकूताई मोरीत पाय लांब करून बसली, नडग्यांवर बाळाला पालथं घातलं आणि तेलाचा हात पाठीवरून असा फिरवला की रडून लाल झालेली माझी लेक एकदम गप्प झाली. मग तिला उताणी करून शकूताईने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"नाक बापाचं दिसतंय," ती म्हणाली. "असू द्या. करते दुरुस्त."

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाबतीत कोणाशी तरी सहमत झाल्या. चहा त्यांनी स्वतःच्या हाताने केला. तेव्हा शकूताई त्यांना म्हणाली, "कोंबडीला आन् लेकराला एकच कळतं बाई. हात भ्यालेला हाय का नाही."

तिचा हात भ्यालेला नव्हताच कधी. पिंजऱ्यातली सगळ्यात आडमुठी कोंबडी ती गप्पा मारता मारता पकडायची. बोटांना मात्र सारखे फोड यायचे. हाड टोचायचं, सुरी लागायची, मग तिथे पू धरायचा. त्यावर तिचा इलाज ठरलेला. सुई तापवून फोड फोडायचा, दोन कॅप्सूल गिळायच्या, ठणका थांबला की उरलेल्या कॅप्सूल डब्यात. त्या डब्यातून सगळी चाळ औषध घ्यायची. माझी दाढ दुखली, तिच्या डब्यातल्या दोन. बायकोचा घसा धरला, दोन. आणि कोंबड्यांना वेगळा न्याय नव्हता. माल पोचवणारा माणूस पुड्या देऊन जायचा, त्या ती पिंजऱ्याच्या पाण्यात टाकायची आणि कोपरापर्यंत हात बुडवून ढवळायची. आजारी असोत नसोत, सगळ्यांना. मी एकदा विचारलं की धडधाकट कोंबडीला औषध कशाला. तर म्हणाली, "नाटकवाले, आजारी पडल्यावर तुम्ही जाल का तिला डॉक्टरकडं घेऊन?" मी नाटकवाला एवढ्याच अर्थाने, की चाळीच्या गणपतीत सूत्रसंचालन करायचो.

स्वाती मोठी झाली, शिकली, दिंडोशीच्या नीलेशशी तिचं लग्न झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती आईकडे आली. मुलगा झाला. शकूताईने आख्ख्या चाळीची बाळं न्हाऊ घातली होती, पण हे स्वतःचं नातवंड. दुकान तिने दहालाच बंद करायला सुरुवात केली. मोरीच्या बाहेर चार बायका बघायला, आणि आत ही, पायांवर नातू घेऊन, त्याच्याशी अखंड बोलत. एवढी खूश मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात बाळाच्या मानेच्या घडीत आणि काखेत बारीक पिवळे फोड आले. शकूताई म्हणाली, उष्णता आहे. दोन दिवसांनी ते दूध पिईना, अंग तापलं, आणि त्याच संध्याकाळी त्याला इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. जंतू रक्तात गेले होते. एक औषध लावलं, काही नाही. दुसरं लावलं, ताप तसाच. मग तपासणीचा अहवाल आला. डॉक्टर, एक तरुण मुलगी, तिने घरच्यांना बोलावून कोण काय काम करतं ते विचारलं. शकूताईच्या नाकातून आणि हातावरून नमुना घेतला, आणि कोंबड्यांना काय देता ते आणून दाखवा म्हणाली.

पिशवी घेऊन मीच गेलो होतो तिच्याबरोबर. शकूताईने टेबलावर पुड्या मांडल्या, शेजारी तिचा तो कॅप्सूलचा डबा. डॉक्टरने अहवाल समोर धरला आणि एकेक पुडी बाजूला सारत गेली. हे बाळाला लागू पडत नाही. हे पण त्याच जातीचं, हेही नाही. हेही नाही. शकूताईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पुड्यांचे रंग ती ओळखत होती. टेबलाची एक बाजू भरत गेली, दुसरी रिकामी होत गेली.

डॉक्टरने समजावून सांगितलं. औषध असं थोडं थोडं रोज पाण्यातून गेलं की कच्चे जंतू मरतात आणि कोडगे उरतात. ते कोंबडीवरून माणसाच्या हातावर येतात, नाकात येऊन राहतात. मोठ्या माणसाला पत्ताही लागत नाही. बाळाच्या अंगातले आणि शकूताईच्या नाकातले जंतू एकाच प्रकारचे निघाले होते.

"म्हणजे मी दिलं त्याला," शकूताई म्हणाली.

डॉक्टर चांगली होती. असं छातीठोक सांगता येत नाही, हे जंतू इस्पितळातूनही येतात, कुठूनही येतात, असं तिने दोनदा सांगितलं. शकूताईने ते ऐकलं असेल असं मला वाटत नाही. बाहेर आलो तर बाकावर नीलेश होता. चार दिवस झोपला नव्हता बिचारा. त्याला सगळं सांगितलं. तो काही आरडाओरडा करणारा मुलगा नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, तुम्ही आता बाळाला हात लावू नका."

"नाही लावणार," शकूताई म्हणाली.

एक औषध उरलं होतं, ते लागू पडलं. तीन आठवड्यांनी बाळ घरी आलं, ते थेट दिंडोशीला. नाव ठेवलं सम्यक. शकूताईच्या नाकात मलम, अंगाला वेगळा साबण असं सगळं झालं, पुन्हा तपासणी झाली आणि ती स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाली, हात धुऊन खुशाल घ्या नातवाला. स्वातीही म्हणाली. पण नीलेश काहीच बोलला नाही. मनात काही धरून नव्हे. आपण तसं बोललो होतो हेच तो विसरून गेला होता.

शकूताई विसरली नाही. दुकान चालवावं लागणारच होतं, पण पुड्या बंद केल्या, दर आठवड्याला चार कोंबड्या मरू दिल्या. बाळं न्हाऊ घालणं सोडलं. बायका बोलवायला येत, तर ही दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि आतल्या बाईला तोंडी सांगायची, आता पालथं घाल, आता टाळूवर तेल, नाक वरून खाली, दाबू नको. मी तिला म्हटलं, शकूताई, तू तर दिग्दर्शक झालीस. ती हसली. हात मांडीवर, पदराखाली. धुऊन धुऊन त्यांना भेगा पडल्या होत्या. दिंडोशीला गेली तरी दाराजवळच्या खुर्चीत बसून नातवाशी बोलायची, गाणी म्हणायची, आणि लांबूनच परतायची.

सम्यकचा पहिला वाढदिवस दिंडोशीतल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाला. त्यानंतर शकूताई चारच महिने होती, हृदयाने गेली, पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? मला माइक दिला होता, त्यामुळे मी जोरात होतो. केक कापून झाला. सम्यक आठवड्यापूर्वीच चालायला लागला होता. स्वातीने त्याला खाली सोडलं तसा तो निघाला, काकांना, आत्यांना, फुग्यांना ओलांडत थेट दाराकडे. शकूताई खुर्चीतून उठून उभी राहिली. तिला वाटलं असेल, मागे सरकता येईल. मागे भिंत होती.

त्याने येऊन तिच्या साडीच्या निऱ्या दोन्ही मुठींत धरल्या आणि तोंड वर करून तिच्याकडे बघत डुलायला लागला. शकूताईचे दोन्ही हात वर गेले. खांद्यांच्याही वर, तळवे उघडे, बोटं फाकलेली. खाली तो डुलतोय, वर हे दोन हात तसेच. मी हातातला माइक खाली ठेवला.

पलीकडून नीलेश, दोन्ही हातांत समोशांच्या बश्या, भान न राहून ओरडला, "अहो आई, धरा ना त्याला, पडेल तो."