पोटावरचा बॅज

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, किरणोत्सारी औषध टोचून तपासणी करतात त्या विभागात, तिला सगळे लांबूनताई म्हणत. सुई देण्याआधी ती पेशंटशेजारी बसून घरच्यासारख्या गप्पा मारायची. सुई दिली की उठून थेट दारात. "रागावले नाही हो! पण आता तुमच्या अंगातून किरणं येतायत. काय हवं ते तिथूनच सांगा." कामात बाई भलतीच पक्की. औषध भरायचं ते शिशाच्या पडद्याआडून, हात चालवायचा तो चटचट, आणि अंगावर किती किरणं आली ते मोजणारा छातीवरचा बॅज कधी विसरायचा नाही.

एका सकाळी घरी कळलं, दिवस गेलेत. याआधी दोनदा गेले होते, दोनदा सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि मग घरभर सांत्वनाला आलेली माणसं! तिला त्या सांत्वनाचा वीट आला होता. "या वेळी पोटातलं ओठांवर आणायचं नाही," नवरा म्हणाला. तिलाही ते पटलं.

पण कामावरचा नियम असा, की कळताक्षणी सांगायचं. पडद्याआड ती सिरिंजसमोर उभी राहिली आणि हात पुढे जाईना. चुलीत गेलं ते गुपित! ती तडक सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेली.

साहेबांनी तिला सुईच्या कामावरून काढून नोंदणीच्या टेबलावर बसवलं आणि दुसरा बॅज दिला. "हा पोटावर लावायचा. बाळाचा हिशेब वेगळा." मग त्यांच्याच लक्षात आलं. "अरे देवा, हा दिसला की सगळ्यांना कळणार!"

"कळू दे," ती म्हणाली खरी, पण तोंड एवढंसं झालं होतं.

तिला टेबलावर बसलेली पाहून विभागात ज्याला जे कळायचं ते कळलंच होतं. दुसऱ्या दिवशी ती पोटावर बॅज लावून आत शिरली, तर झाडणाऱ्या मावशींच्या कमरेवर बॅज, नर्सच्या कमरेवर बॅज, आणि ढेरपोट्या टेक्निशियननं तर ढेरीच्या मधोमध लावलेला. सगळी कपाटातली जुनी, रिकामी कव्हरं. खरा बॅज तिचा एकटीचा.

"हे काय चाललंय?"

ढेरीवरून हात फिरवत टेक्निशियन म्हणाला, "बाहेरच्या कुणी विचारलंच, तर सांगायचं, सगळ्यांनाच दिवस गेलेत."

मावशी खो खो हसल्या. ती हसता हसता रडायलाच लागली. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "सगळ्यांना कळलंय रे. आणि मला इतकं बरं वाटतंय!"