जीपीएसची पूजा

त्या वर्षी आमच्या औरंगाबादला ढग यायचे ते घाईतल्या पाहुण्यासारखे. दारात उभे राहायचे अन् पाणीही न पिता निघून जायचे. चिकलठाणा विमानतळावरच्या हँगरमध्ये दुपारभर मी त्यांच्याकडं बघत बसायचो. बाहेर पांढरंफेक ऊन, नव्या कॉलन्यांकडं निघालेले टँकर, आणि पत्र्याच्या सावलीत पेंगणारं आमचं दोन इंजिनांचं छोटं विमान. त्याच्या पंखांना मिठाच्या नळकांड्या बांधलेल्या. ढगात शिरायचं, नळकांडी पेटवायची, की पाऊस पडतो म्हणे. मी विमानातल्या रेडिओ-यंत्रांचा मिस्त्री, पाऊस पाडणं माझं काम नव्हतं. पण फुलंब्रीच्या अंगाला आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मोसंबीची बाग वाळत होती. त्यामुळं प्रत्येक ढग मला घरचा वाटायचा.

ढगात शिरलं की वैमानिकाला काही म्हणता काही दिसत नाही. यंत्रं सांगतील तसं जायचं. आमची यंत्रं जुनी, म्हणून मालकांनी जीपीएस घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्या गळ्यात टाकली. आमचे वैमानिक म्हणजे कॅप्टनसाहेब. त्यांचा जीव जडला होता एका हातात मावणाऱ्या, काचेला चिकटवायच्या रंगीत यंत्रावर.

"हाच घे. गावं दिसतात, नद्या दिसतात!"

बघितलं तर पडद्यावर नाथसागर काठोकाठ निळा. तिकडं खऱ्या नाथसागरात गाळाला भेगा पडलेल्या.

"साहेब, हे खेळणं आहे," मी तडकलो. माझं डोकं असंच, लगेच तापतं. "उपग्रह कमी पडले तरी हा गुपचूप अंदाजानं रेघ ओढत राहतो. तो दुसरा घ्या. दिसायला कळकट आहे, बारीक हिरवी अक्षरं आहेत, पण ढगातल्या उड्डाणासाठी त्याला मान्यता आहे. स्वतःची खात्री नसली तर तो सरळ सांगतो, माझ्यावर विसंबू नका."

"अन् बसवायला किती दिवस?"

"आठ. पॅनल उघडायचं, तारा ओढायच्या, छतावर अँटेना, मग तपासणी."

"आठ दिवसांत ढग जातील रे बाबा!"

जातील, हे मलाही कळत होतं. तरी मी हट्टानं तोच कळकट डबा मागवला आणि विमान उघडून ठेवलं. रोज सकाळी आबांचा फोन यायचा. "लई ढग आलेत. तुमचं विमान कुठंय?" उघडून ठेवलंय म्हटलं की ते फोन ठेवून द्यायचे. लाज वाटायची मला. पण कॅप्टनसाहेबांना आंधळं करून ढगात सोडायला मन धजत नव्हतं.

आठव्या दिवशी काम संपलं. नवं यंत्र आलं की आधी पूजा, ही आमच्याकडची रीत. मोठ्या मिनतवारीनं पास काढून मी आबांनाच बोलावलं. ते एसटीनं आले, पिशवीत नारळ, हळद-कुंकू आणि कुठून तरी मिळवलेली झेंडूची दोन फुलं. डब्याला कुंकू लावून झाल्यावर म्हणाले, "ह्याला दिसतं कुठून?" मी छतावरचा तळहाताएवढा पांढरा अँटेना दाखवला. आबा शिडीवर चढले, त्याला हात जोडले आणि खिशातून पत्र्याचा चकचकीत मारुती काढला, मोटारसायकलवर चिकटवतात तसला. अंगठ्यानं दाबून दाबून तो बरोब्बर अँटेनावर बसवला.

"आता ह्यो बघंल समदं," म्हणाले.

मी खाली शिडी धरून उभा. पत्रा ठेवला की अँटेना आंधळा होतो, हे मला तोंडपाठ. दुसऱ्या कुणी लावला असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण आबा मारुतीपुढं डोळे मिटून उभे होते. म्हटलं, ते गेले की काढू.

तेवढ्यात निरोप आला, फुलंब्रीकडं ढग भरून आलाय. एकच धांदल उडाली. सुरू केल्यावर डब्याला कसेबसे पुरेसे उपग्रह सापडले, हिरवी अक्षरं उमटली, मी अंगठा दाखवला. मारुती विसरलो. खरं सांगतो, विसरलोच.

विमान ढगात शिरलं. आवाज मऊ होत होत विरघळला. आबा म्हणाले, "पाऊस यायच्या आत घरी जातो," आणि हसत एसटी गाठायला निघाले. इतके हसताना त्यांना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. मीही तिथंच तरंगत राहिलो. भिजलेल्या मोसंबीचा वास मला चक्क येत होता.

विमान फार लवकर परत आलं. नळकांड्या तशाच, एकही पेटलेली नाही.

"ढगात वळलो अन् तुझ्या डब्यानं हात वर केले," कॅप्टनसाहेब म्हणाले. "जुन्या होकायंत्राच्या काट्यावर बाहेर आलो. ते खेळणं असतं ना, तर मी खुशाल दौलताबादच्या किल्ल्यावर जाऊन आदळलो असतो."

मी शिडी लावली, वर बोट दाखवलं आणि सगळं कबूल केलं. ते स्वतः चढले, नखानं हळूहळू मारुती सोडवला, रुमालात ठेवला. "देव चांगलाय रे, जागा चुकली." एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तोवर ढग पांगला होता. दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं कोरं. मग महिनाभर तसंच.

दिवाळीआधी आबांनी बाग तोडली. मी गेलो तेव्हा ते एका बुंध्यावर बसले होते. त्याची साल सोलत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "खरं सांग, माझ्या पूजेत काय कमी पडलं व्हय?"

"नाय आबा," मी म्हणालो. "ढगच पोकळ होता."