भांडुप ते दहिसर, नणंदेचं छत बघायला

माझ्या बरोबरीच्या बायका काशी-रामेश्वर करून आल्या. एक-दोघी मुलाकडे विमानाने जाऊन आल्या आणि तिकडच्या रस्त्यांचं कौतुक सांगताना इकडच्या रस्त्यांवर चालणाऱ्यांना कमी लेखू लागल्या. मी जन्मात एकच प्रवास नीट आखून, देवाला विचारून केला. भांडुप ते दहिसर आणि परत. मुक्काम एका रात्रीचा. प्रेक्षणीय स्थळ: नणंदेच्या घराचं छत. हसू नका. ऐंशीच्या दशकात आमच्यासाठी दहिसर म्हणजे परगावच होतं. आणि ज्यांच्या डोक्यावर अजूनही पत्रा आहे त्यांना यातून चार गोष्टी मिळाल्या, तर तेवढंच माझ्या खात्यात पुण्य जमा.

निमित्त घडलं चैत्रातल्या हळदीकुंकवाला. आमची खोली चाळीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर सिमेंटचा पत्रा. उन्हाळ्यात डबीतला कापूर न पेटवताच देवाला पोचायचा. माझी लेक शैला आठव्या महिन्यात होती, पहिलं बाळंतपण, म्हणजे ते माहेरीच व्हायचं. तिच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, खास बोरिवलीहून आल्या. देवासमोर बसल्या, पन्हं घेतलं आणि बघता बघता त्यांच्या कपाळाचं कुंकू नाकाच्या शेंड्यावर आलं.

"विहीणबाई," पदराने वारा घेत त्या म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं हो. पण इथे बाळ निजवायचं की पापड वाळत घालायचे?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, यजमानीण होते ना. शैला तेवढी हसली नाही. मोरीपाशी मला गाठून म्हणाली, "आई, मला इथेच यायचंय गं. तिकडे मला दुपारी आडवंसुद्धा होता येत नाही. काहीतरी कर ना."

जाताना विहीणबाईंनी उंबऱ्यात निकाल दिला. "पंधरा दिवसांनी येऊन बघते. घर गार वाटलं तर शैलाला पाठवते. नाहीतर तुम्हीच या आमच्याकडे."

लेकीचं पहिलं बाळंतपण आणि आईने पाहुणी म्हणून जायचं! मला जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

हे मरोळच्या एका कारखान्यात फिटर. पत्रा काढून कौलं घालायचा खर्च त्यांनी नुसता तोंडी सांगितला, तरी मी मटकन बसले. मग म्हणाले, "ताईकडे पण पत्राच आहे. पण तिने छताला काहीतरी केलंय. भर दुपारी गार असतं म्हणे."

ताई म्हणजे यांची थोरली बहीण, दहिसरच्या मोठ्या वन्सं. त्यांच्या घराला मी मागे एका लग्नात, चार बायकांत, गोठा म्हटलं होतं. त्यामुळे जावं की न जावं, यासाठी आमच्या कोकणातल्या पद्धतीने देवाला कौल लावला. देवीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना फुलं ठेवली आणि हात जोडून बसले. उजवं फूल पडलं, म्हणजे होकार. टेबलफॅन डावीकडून चालू होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं. पण मिळालेला कौल काही परत करता येत नाही.

पहिला दिवस. आगगाडीने जायचं तर आधी दादरला खाली उतरायचं आणि दुसरी गाडी धरून पुन्हा वर चढायचं. उलट दिशेला जायचे पैसे मी देत नाही. म्हणून बसने. बरोबर दशम्या, लोणच्याची फोड आणि फिरकीचा तांब्या. वाटेत काहीही विकत घेऊ नका. पवईपाशी शहाळी दिसतात, तिकडे बघू नका. मरोळपर्यंत हे सोबत होते.

"ताईशी आधी गोड बोल," हे म्हणाले. "छताचं मग काढ."

"मी काय कडू बोलते?"

"गोठा."

"ते मी गाईच्या अर्थाने म्हटलं होतं. गाय पवित्र असते."

पुढे बसलेला माणूस मागे वळून बघायला लागला, तेव्हा आम्ही विषय बदलला.

अंधेरीहून दहिसरची बस हमरस्त्याने सरळ जाते. सकाळी जाणार असाल तर डावीकडे बसा. मी उजवीकडे बसले, कारण तिथे खिडकी मिळाली. दहिसर नाक्याला उतरले तेव्हा माझा एक कान भाजून निघाला होता आणि दुसरा जसाच्या तसा होता.

नदीच्या अंगाला वन्संची बैठी खोली. वर तोच पत्रा, दारात शेळी. आत पाऊल टाकलं. देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाटलं. पत्र्याच्या खाली हातभर जागा सोडून बांबूच्या चटईचं छत बांधलेलं. त्या मधल्या जागेला दोन्ही भिंतींत, अगदी वर, लाकडी झडपांच्या खिडक्या. खोलीतली गरम हवा निघून जावी म्हणून चटईतही मध्ये ताटाएवढं भोक. पत्र्याला वरून पांढरा चुना. देवाजवळच्या उदबत्तीचा धूर नाचत नाचत त्या भोकातून वर जायचा आणि बाहेरच्या झडपेतून निघून जायचा. दुपारी मी टेकले ती थेट चारला जागी झाले, तेही पायावर पदर ओढून घ्यायला.

वन्संनी गोठ्याचा विषय काढला नाही. चहा देताना फक्त म्हणाल्या, "बस गे वैनी. शेळीच्या दुधाचो आसा. गायीचा नाय मेळूचा हयसर."

मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

निघताना त्यांनी सगळं समजावून दिलं, आणि दारात पुन्हा हात धरून म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव. वर कायएक ठेवूचा नाय. वाऱ्याक जावक वाट व्हयी."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, यांच्याकडे वर ठेवण्यासारखं आहे तरी काय!

दुसरा दिवस. यांना सुट्टी होती, ते अंधेरीला भेटले. एक जुना बंगला पाडत होते, तिथे झडपा निवडून निघाल्या. सागवानी, रंग उडालेल्या, पण एकही फळी कुजलेली नाही. असलं सामान घ्यायला सकाळीच जा आणि घेणारच नाही असा चेहरा करून उभे राहा. मी तो चेहरा इतका छान केला की माणूस आत निघून गेला आणि यांना त्याच्या मागे धावावं लागलं. चटया रस्त्याकडेच्या विणकरांकडून घेतल्या. त्या बसमध्ये चढवायला गेलो तर कंडक्टर म्हणाला, "ओ मावशी, ही बस आहे. मांडव घालताय काय?"

शेवटी यांच्या कारखान्याच्या ओळखीचा एक टेम्पो भांडुपकडे निघाला होता, त्यात जागा मिळाली. आत चटयांच्या लांब गुंडाळ्या, त्यावर बांबू, सगळं सुतळीने करकचून बांधलेलं. एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेली मी, दुसऱ्या बाजूला खांद्यावर पंचा टाकून, उन्हाने तोंड उतरलेले हे. साकीनाक्याला टेम्पो थांबला, तेव्हा रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याने आमच्याकडे बघून टोपी काढली आणि हात जोडले.

"अहो, चटया आहेत!" मी ओरडले.

त्याने आणखी करुण चेहऱ्याने मान हलवली. दुःखाने बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्याला वाटलं असणार. पुढे दोघांनी टेम्पोला नमस्कार केला. घरात बाळ यायचं आणि वाटेत हे असलं! हे हसत होते, मी रामरक्षा म्हणत होते. भांडुपला पोचताच आधी देवळात नारळ फोडला. हा खर्च अंदाजात धरला नव्हता, तुम्ही धरा.

घरी. रविवारी यांनी आणि शेजारच्यांनी मिळून छत बांधलं. भिंतीत झडपा बसल्या, पत्र्याला चुना लागला. तार आणायची होती. घरात सुतळी असताना तार कशाला, म्हणून मी सुतळी दिली. सगळं झाल्यावर खाली उभी राहून वर बघितलं. हातभर उंच, खोलीएवढी लांब-रुंद जागा. मोकळी. मुंबईत. मला ते बघवेना. पलंगाखाली आम्ही दोन पिढ्यांचा संसार कोंबलेला, आणि इथे वारा पाय पसरून लोळणार?

"ताईने सांगितलंय ना, वर काही ठेवू नको?" हे म्हणाले.

"वन्संकडे ठेवायला आहे काय?"

"आपल्याकडे तरी काय आहे?"

ते त्यांनी विचारायला नको होतं. हे कामावर गेल्यावर मी स्टूल घेतलं आणि चटईची एक कड सोडून सामान वर सरकवलं. गणपतीचं मखर, दोन गोधड्या, जुना कापूस, रिकामे डबे, मागच्या दिवाळीचा आकाशकंदील, माझी मॅट्रिकची पुस्तकं. मधल्या भोकातून धूळ पडायला लागली, म्हणून त्यावर एक गोधडी घडी करून ठेवली. खाली पलंगाखाली इतकी स्वच्छ जागा झाली की मी तिथे हळदीकुंकू वाहायचीच बाकी होते.

घर मात्र गार होईना. उलट जास्तच कोंदलं. उदबत्तीचा धूर वर जाई, छताला थडकून खाली येई आणि देवांच्या तोंडावर बसे. मी चटयांना दोष दिला, चुन्याला दिला, मुहूर्त चुकला म्हटलं. मारुतीचे शनिवार बोलले. हे संध्याकाळी उंबऱ्यात उभे राहून एकदा वर बघत, एकदा माझ्याकडे, आणि पाय धुवायला जात.

ठरल्या दिवशी विहीणबाई आल्या, बरोबर शैला. दुपारची वेळ मुद्दाम निवडलेली. विहीणबाई नेमक्या छताखाली मधोमध पाटावर बसल्या. शैला माझ्याकडे बघत होती. मी देवाकडे बघत होते. विहीणबाई वर बघत होत्या.

"वर काय आहे हो?"

"काही नाही. हवा."

"हवेचं पोट सुटलेलं दिसतंय."

खरंच, चटई मध्ये फुगून खाली आली होती. मी काही बोलणार एवढ्यात सुतळी तुटल्याचा आवाज आला. आधी कापूस उतरला, सावकाश, अलगद. मग गोधडी बाजूला पडली. आणि मग मखर. ते आडवं ठेवलं होतं, पण खाली आलं ते सरळ उभं आणि विहीणबाईंच्या भोवती बसलं. मागे सोनेरी कमान, दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे मोर, मधे विहीणबाई, डोक्यावर कापूस. सवयीने माझे हात जोडले गेले. शैलाने तोंडात पदर कोंबला.

सगळ्यात शेवटी एक पुस्तक त्यांच्या मांडीवर पडलं. शास्त्राचं. ते उघडून त्यांनी नाकावर चष्मा चढवला.

"'तापलेली हवा हलकी होऊन वर जाते,'" त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'तिला बाहेर पडण्यास मार्ग असल्यास...' कोणाचं हे पुस्तक?"

"माझं."

"वाचलं होतंत?"

"पाठ केलं होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हसू की रडू ते मलाच कळेना. एवढा प्रवास केला, शेळीच्या दुधाचा चहा प्यायले, प्रेतयात्रेचे नमस्कार घेतले, आणि लेकीचं माहेर मी जुन्या कापसापायी घालवलं.

विहीणबाई मखरातून उठल्या. पदर खोचला. "उभ्या काय राहिलात? स्टूल द्या इकडे." आणि त्या स्वतः चढल्या! वरून एकेक वस्तू माझ्या हातात देत होत्या आणि प्रत्येकीबरोबर एकेक टोमणा. "घ्या, कंदील. वैशाखात लागतो. घ्या, डबा. हा रिकामा. हाही रिकामा. अगंबाई, डब्यात डबा!" शैला पाटावर बसून पोट धरून हसत होती आणि मी तिला ओरडत होते, "हळू गं, हळू हस!"

सगळं उतरलं, सुटलेली चटई सुतळीने पुन्हा वर बांधली. विहीणबाई घाम पुसत खाली बसल्या. मी उदबत्ती लावली, दुसरं काय करणार. धूर जरा घुटमळला. मग वर गेला, भोकात शिरला आणि झडपेकडे वळला. थोड्या वेळाने विहीणबाईंनी पदराने वारा घेणं थांबवलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

"राहू दे शैलाला," त्या म्हणाल्या. "मखर मी नेते, आमच्याकडे माळा आहे. गणपतीच्या आधी आणून देईन. आणि सुतळी काढून तार लावा. पण परत वर काही ठेवलंत, तर बाळंतीण आणि बाळ, दोघांना उचलून नेईन."

हे कामावरून आल्यावर त्यांनी तार लावली. शेजारी विचारत होते, कसला गं आवाज झाला दुपारी? मी म्हटलं, छत गार करत होतो.

वैशाखाच्या अखेरीला शैलाला मुलगी झाली. दवाखान्यातून थेट इथे आली, त्याच छताखाली झोळीत झोपली. तिच्या अंगावर घामोळं उठलं नाही. वन्सं दहिसरहून शेळीचं तूप घेऊन आल्या, वर बघितलं आणि फक्त "बरा" म्हणाल्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला, चार बायकांत.

बारशानंतर विहीणबाई दर आठवड्याला नातीला बघायला यायच्या, न चुकता दुपारच्या. नात बघून व्हायची पाच मिनिटांत. मग छताखाली चटई टाकून झोपायच्या त्या चहापर्यंत. त्यांचा बोरिवलीचा फ्लॅट पश्चिमेला तोंड केलेला, दुपारभर तापणारा, हे मला तेव्हा कळलं.

अशाच एका दुपारी त्या झोपल्या होत्या, बाळ झोपलं होतं, शैलाही डाव्या कुशीवर गाढ. त्यांनी बाळंतविडा आणलेला पत्र्याचा डबा मी पुसून ठेवला होता. केवढा छान डबा! घट्ट झाकण, कुठे चेपलेला नाही. पलंगाखाली तो मावेना. मी डबा हातात घेऊन उभी राहिले आणि माझी नजर आपोआप वर गेली.

"बघत्येय हां मी," विहीणबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.