नकाशावरचा लाल बाण

माझ्या पीएचडीच्या गाइडना लोक विद्वान म्हणायचे. मी आडमुठा म्हणते, आणि माझ्याकडचा हा त्यातल्या त्यात सौम्य शब्द आहे.

माहूरकडच्या चुनखडकात मातीचं प्रमाण कुठे किती, याचा सरांनी पूर्वी नकाशा केला होता. जवळजवळचे नमुने एकमेकांसारखे असतात. अंतर वाढलं की सारखेपणा घटतो. तो ज्या दिशेने सावकाश घटतो, तीच पुरातन समुद्राच्या प्रवाहाची दिशा, असं सरांनी ठरवलं आणि नकाशावर लालभडक बाण काढला. नांदेडला आमच्या विभागात तो फ्रेम करून लावला होता. माझ्या पीएचडीने त्याच बाणाची री ओढायची होती.

मी सरांचे ठिपके कोऱ्या कागदावर मांडले आणि डोकंच फिरलं. सर देवीच्या दर्शनाला जायचे आणि जाता जाता नमुने घ्यायचे, जीपमधून उतरून, रस्त्याच्या कडेला. रस्त्याच्या आडव्या दिशेला ठिपकेच नव्हते, म्हणून बाणही रस्त्याच्याच दिशेने निघाला होता. तिकडे मोजणार काय, कपाळ? मी रस्ता सोडून दोन्ही बाजूंची रानं तुडवली, ओढ्यांतून नमुने आणले, पुन्हा गणित मांडलं. सारखेपणा सगळ्या दिशांना एकसारखाच घटत होता. बाण गायब.

"हे तुझे नमुने काढून टाक, मग सही करतो," सर म्हणाले.

"पण सर, त्यात चूक काय हाय?"

"मला शिकवून राहिली का? लई शहाणी झालीस!"

विभागातल्या सादरीकरणात मी सगळ्यांसमोर नुसते सरांचे ठिपके दाखवले. घाटातली वळणं दिसली, सर हमखास चहाला थांबतात त्या हॉटेलपाशी ठिपक्यांचा घोळका दिसला, आणि मागून एक प्राध्यापक म्हणाले, "अरे, हा तर माहूरचा रस्ता हाय!" अख्खा हॉल हसला. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझं गाइडपद सोडलं. हसलेल्या प्रत्येकाच्या केबिनमध्ये जाऊन मी विनवलं, मला तुमच्याकडे घ्या. कुणाला वेळ नव्हता, कुणाकडे जागा नव्हती. एकाने चहा पाजला आणि म्हणाला, "सरांशी वाकडं कशाला घेतलंस?" भित्रे लेकाचे! सरांचा मला राग आला होता, पण किळस आली ती यांची. डिग्री गेली ती गेलीच.

आता मी लातूरला ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. सहल नांदेडला गेली की पोरांना त्या विभागात न्यावंच लागतं. बाण अजून तिथेच आहे, काच तेवढी नवी बसवलीय. पोरं विचारतात, "मॅडम, समुद्र कुठून कुठं वाहत होता?"

"नांदेडहून माहूरला," मी सांगते. "मध्ये चहाला थांबून."