मागच्या दाराची वांगी

जानराव मास्तरांच्या खोलीला दोन दारं होती. पुढचं शाळेच्या अंगणात उघडायचं, मागचं बोळीत. पोरांना कोणतं काम मानवेल, हे त्यांच्याशी नि मायबापांशी बोलायला अमरावतीच्या त्या शाळेच्या समितीनं मास्तरांना ही खोली दिलेली. लोक यायचे, पण मागच्या दारानं. बापाचं काम सोडून दुसरं विचारायचं म्हणजे भावकीत हसू. म्हणून डोक्यावर भाजीची पाटी. कोणी हटकलंच, तर "मास्तरले वांगे द्यायले चाललो!"

मास्तरांचा सवाल एकच. "बेटा, कोणतं काम करताना भुकेचं ध्यान राहत नाही तुले?" ऐकलेलं मात्र त्यांनी कधी बाहेर फोडलं नाही.

मग लढाईच्या दिवसांत समितीला रेशनच्या धान्यासाठी खोली हवी झाली. अंगणात सभा भरली.

"मास्तर," अध्यक्ष भगवंतराव म्हणाले, "तुमच्याकडं माणूस येताना कोणी पाह्यला नाही. वांगे मात्र लई येतात! एकट्या जिवाले लागते किती?"

अंगण खदखदून हसलं. मास्तर उठले. नावं ओठांवर होती. एक जरी घेतलं असतं तरी खोली वाचली असती. "लोक येतात," एवढंच बोलून ते खाली बसले.

फाटकाशी भाजी विकणारी माणिकबाई भगवंतरावांपुढं आली.

"रावसायेब, माह्यी जयवंता अकोल्याले मावशीकडं हाये, असं मी समद्यायले सांगतलं. खोटं हाये थे. पोरगी दवाखान्यात नर्सचं काम शिकून राहिली. मास्तरनंच रस्ता दाखवला."

"वैनी, गप!" तिचा दीर देवीदास फिस्कारला. "घराची इज्जत काढतं काय?"

"इज्जत? तुमची गाय वेताले अडली तवा दिवसभर उपाशी कोण बसलं होतं तिच्यापाशी? जयवंताच ना? मास्तरनं तेच हेरलं. म्हणे, बाई, या पोरीच्या हाताले दुसऱ्याचं दुखणं समजते." तिनं पदर खोचला. "मास्तरनं माह्यी अब्रू झाकली. आज त्याहीची जाऊन राहिली, अन् मी गप बसू?"

कोणी हसलं नाही. देवीदास हळूच म्हणाला, "मी बी गेलो होतो. आमच्या गोवर्धनसाठी."

"तुमी?" माणिकबाईचे डोळे मोठे झाले. "काय घेऊन?"

"मेथी."

आता हसू फुटलं ते निराळंच. मागून कोणी "मी बी, कांदे घेऊन!" म्हणालं, कोणी भोपळा कबूल केला. भगवंतरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "धान्य माह्या ओसरीत टाका लेकहो. मास्तरची खोली मास्तरलेच राहू द्या."

मास्तरांनी माणिकबाईला हात जोडले. ती लाजून फाटकाकडं पळाली.

दुसऱ्या दिवशी पुढचं दार वाजलं. माणिकबाई शेजारणीला नि तिच्या लेकीला घेऊन उभी. हात रिकामे.

"आज भाजी नाही?" मास्तरांनी विचारलं.

"काहून आणू? आता लपाचं काय हाये?"

त्या दुपारी मास्तरांनी भाकर नुसत्या तिखट-तेलाशी खाल्ली. इतकी गोड त्यांना कधी लागली नव्हती.